बिनडोळ्यांची पाखरं

वडूजच्या पेठेत अब्बांचं शिंपीकामाचं दुकान होतं. एक मशीन, एक आरसा आणि गिऱ्हाइकांना बसायला एक बाकडं. दिवसभरात कापडाचे जे तुकडे पडायचे ते संध्याकाळी पिशवीतून घरी यायचे. अम्मा ते रंगांप्रमाणे वेगळे करायची, जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकावर एक अंथरायची आणि वाकळ शिवायला बसायची. आमच्या आळीतल्या सगळ्याच बायका वाकळा शिवायच्या, पण त्या चौकोन जोडायच्या. अम्मा पाखरं जोडायची.

घरात आम्ही आमची मुसलमानी बोली बोलतो. ती इथं तशीच लिहिली तर वाचणारा पदोपदी अडखळेल. म्हणून अम्माचं बोलणं मी तिच्या दुसऱ्या बोलीत लिहिते आहे. ही बोली ती शेजारणींशी, भाजीवालीशी आणि रागावली की माझ्याशीही बोलते.

पाखरं म्हणते खरी, पण तिच्या वाकळेवर बाकीचंही बरंच असायचं. तरवडाची पिवळी फुलं, बाभळीच्या मण्यामण्यांच्या शेंगा, कुसळांचे झुपके, सुगरणीचा खोपा. त्यांच्या मधून टिटवी, होला, तितर. एकदा तिनं एका शेजारणीच्या वाकळेवर घोरपड शिवली. आठ दिवसांत शेजारीण वाकळ घेऊन परत आली. म्हणाली, "आवं वैनी, हिच्यावर झोप कशी यायची? पाठीला नख्या लागत्यात." अम्मानं तिला दुसरी वाकळ शिवून दिली आणि घोरपडीवर मी झोपू लागले. मला काही नख्या लागल्या नाहीत.

ती आधी खडूनं आकार काढून घेत नसे. चोचीपासून कात्री सुरू करायची, पाखराला पूर्ण वळसा घालायची आणि पुन्हा चोचीशी येऊन थांबायची. मधे कात्री उचलायची नाही. कापलेलं पाखरू बाभळीच्या काट्यांनी वाकळेवर टोचून ठेवायची. शिंप्याच्या घरात टाचण्यांना काय तोटा, पण टाचणी गंजते आणि डाग पाडते असं तिचं म्हणणं. मग धावदोरा. वाकळेचा दोरा कडेपासून निघतो आणि चारी बाजूंनी फिरत फिरत आत जातो. मधली वीतभर जागा सगळ्यात शेवटी भरते. ती भरली की वाकळ झाली.

तिचे दोन नियम होते. पहिला, जे स्वतः पाहिलं तेच शिवायचं. कुणी मोर मागितला तर सरळ नाही म्हणायची. "मोर मी बघितल्याला न्हाई. क्यालेंडरावरचा बघून शिवला तर त्यो क्यालेंडराचा हुईल, माझा न्हाई." रोहित पक्षी मात्र तिनं पाहिले होते. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात अब्बांनी तिला सायकलवर बसवून येरळा नदीवरच्या तलावावर नेलं होतं. पाण्यात काड्यांसारख्या पायांवर उभी असलेली ती पांढुरकी-गुलाबी पाखरं. एकानं पंख उचलला आणि आतलं लाल दिसलं. अम्मा सांगायची, "मला वाटलं, ह्येनं आत अस्तर लावलंय." त्या दिवसापासून अब्बांच्या पिशवीतला लाल तुकडा निघाला की तो वेगळा ठेवला जायचा. त्याला दुसऱ्या कुठल्या कामासाठी हात लावायचा नाही.

दुसरा नियम डोळ्याचा. तिच्या एकाही पाखराला डोळा नसे. चोच असायची, तुरा असायचा, पायांची बोटं सुद्धा असायची. डोळ्याच्या जागी नुसतं कापड. मी सात-आठ वर्षांची असताना विचारलं, तेव्हा तिनं सुईतला दोरा दातानं तोडत सांगितलं, "डोळा दिला की पाखरू पुरं हुतंय. पुरं क्येलं की कयामतीच्या दिवशी मला इचारणार, एवढं क्येलंयस तर आता ह्येच्यात जीव बी घाल. मी कुठनं घालू? मला सुईत दोरा ववायचं तेवढं येतंय."

आमच्या ओळखीच्या घरांत हे इतकं कुणी पाळत नाही. भिंतींवर फोटो आहेत, मोबाईलचं तर विचारूच नका. अम्माही बाकी बाबतीत कडक नव्हती, संध्याकाळची मालिका तिनं कधी चुकवली नाही. पण आपल्या हातानं केलेल्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो, यावर ती ठाम होती. वाकळ अंगाखाली अंथरायची असते, भिंतीवर लावायची नसते, हेही ती त्याच सुरात सांगायची.

मी मोठी झाले, लग्न होऊन आष्ट्याला आले आणि तिथल्या शाळेत चित्रकला शिकवू लागले. आता चित्रकलेची बाई काय सांगते? डोळा काढला की चित्र जिवंत होतं, हेच मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवत आले. माझ्या आईच्या पाखरांना डोळे नाहीत हे मला तेव्हापासून खटकायचं. बोलले मात्र कधी नाही.

अब्बा गेल्यावर अम्मा वडूजला एकटी राहिली आणि वाकळा शिवत राहिली. आता पेठेत रेडिमेडची दुकानं झाली होती, घराघरात ब्लँकेटं आली होती. वाकळ कुणी मागत नव्हतं. कपाटं भरली, माळा भरला. त्याच सुमारास शाळेची सहल पाचगणीला गेली. तिथं एका बाईंचं राहायच्या खोल्यांचं आणि हातकामाच्या वस्तूंचं मिळून एक ठिकाण होतं. मुलं स्ट्रॉबेरी खाण्यात दंग होती तेवढ्यात मी आत शिरले आणि त्यांना मोबाईलवर अम्माच्या वाकळांचे फोटो दाखवले. बाई एकेक फोटो मोठा करून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, काम अप्रतिम आहे हो. पण हे सगळे पक्षी आंधळे वाटतात. डोळे असते तर लोकांनी उचलूनच नेलं असतं."

मी त्यांना अम्माचा नियम सांगायला हवा होता. सांगितला नाही. मला लाज वाटली. कशाची, ते आजही नीट सांगता येत नाही. मी म्हटलं, "डोळे राहिलेत अजून. देते करून."

त्यानंतर दोन वर्षं असं चाललं. मी वडूजला जायची, वाकळ घेऊन आष्ट्याला यायची, आणि पाचगणीला पाठवण्याआधी दुपारी दार लोटून डोळे भरायची. काळ्या दोऱ्याचे सुईला तीन वेढे, सुई जागच्या जागी खाली, गाठ घट्ट. एवढंच. आणि खरं सांगते, मला ते फार आवडलं. टिटवी एकदम माझ्याकडं बघायला लागायची. रोहित पाण्यात काहीतरी शोधतोय असं दिसायचं. अम्माच्या कामात जे कमी होतं ते मी पुरं करते आहे, असं मला वाटायचं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं चित्रकाम मी तेव्हा केलं, आणि ते दुसऱ्याच्या चित्रावर केलं.

अम्मानं एकदाच विचारलं, "त्या बाईला डोळ्याचं काय वाटलं न्हाई?"

"न्हाई," मी म्हटलं. "उलट आवडलं."

ती खूश झाली. माणसं शहाणी असत्यात, म्हणाली.

दुसऱ्या वर्षी तिच्या पाखरांना काहीतरी होऊ लागलं. एका टिटवीची शेपूट अंगापासून दोन बोटं लांब शिवलेली आली. एका होल्याचा एकच पंख नीट, दुसरा कापडावर दुसरीकडेच. कडेचे टाके तिरपे जायला लागले. मला वाटलं वाकळा खपतायत म्हणून ही घाई करते आहे. मी चांगलंच झापलं तिला. "ही शेपूट बघ. ही काय टिटवी हाय?" तिनं कापड जवळ धरलं, इकडून तिकडं फिरवलं आणि म्हणाली, "लागल्यालीच हाय की." मी चिडून ती वाकळ तशीच पाठवून दिली. पाचगणीच्या बाईंना ती सगळ्यात जास्त आवडली. फोन करून म्हणाल्या, तुमच्या आई आता अगदी मॉडर्न काम करायला लागल्यात.

माझी आई आंधळी होत होती आणि आम्ही दोघी शिकल्यासवरलेल्या बायका तिच्या कामावर मतं देत होतो.

दाराशी ठेवलेल्या पाण्यानं भरलेल्या बादलीवर ती पडली, तेव्हा मी तिला मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. तपासण्या झाल्या. काचबिंदू, म्हणाले, आणि बरेच दिवसांचा. त्यांनी कागदावर एक गोल काढला आणि पेन्सिलीनं तो कडेनं काळा करत आत आत आले. "आजी, यात नजर अशी कडेनं जाते. माणसाला कळत नाही. मधलं सगळ्यात शेवटी जातं."

कागद अम्मानं डोळ्यांशी नेला. त्या काळ्या गोलाच्या मधलं पांढरं तिला दिसत असावं. म्हणाली, "म्हंजे वाकळंगतच की."

डॉक्टरांना ते कळलं नाही. मला कळलं, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले. डॉक्टर मला म्हणाले, गेलेली नजर परत आणता येत नाही, राहिलेली थेंबांनी टिकवता येते. थेंब एक दिवसही चुकवू नका.

मी तिला आष्ट्याला घेऊन आले. सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे, मग पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं. खिडकीचा उजेड तिला दिसायचा. कापड अगदी नाकाशी धरलं तर रंगही कळायचा. त्या तेवढ्यावर ती तुकडे वेगळे करत बसायची. शिवायची नाही. एवढ्यात नको, म्हणायची, थेंबांनी जरा फरक पडू दे. फरक पडणार नाही हे डॉक्टरांनी आम्हा दोघींसमोर सांगितलं होतं, पण ते ऐकलं मी एकटीनं.

पाचगणीहून एक वाकळ परत आली होती. पाण्याचा डाग पडला म्हणून बाईंनी पाठवली होती, आणि मी ती पेटीत तळाशी घालून विसरून गेले होते. हिवाळ्यातला शनिवार होता, सकाळची शाळा. मी घरी आले तर अम्मा ओट्यावर उन्हात बसली होती आणि ती वाकळ तिच्या मांडीवर होती. थंडी वाजली म्हणून तिनं चाचपत पेटी उघडली होती.

"माझीच हाय गं ही," मला बघून नाही, माझी चप्पल ऐकून म्हणाली. "टाक्यावरनं वळखली." तिची बोटं तितराच्या पाठीवरून चालली होती. पंख, मान, चोच. मी अंगणातच उभी राहिले. धावत जाऊन वाकळ हिसकावून घ्यावी असं मनात आलं. बोट चोचीवरून मागं आलं आणि थांबलं. पुन्हा पुढं गेलं, पुन्हा मागं आलं.

"ह्ये काय?"

मी खांद्यावरची पर्स खाली ठेवली.

"गाठ हाय." तिनं दुसरं पाखरू शोधलं. मग तिसरं. प्रत्येक डोक्यावर बोट थांबत होतं. "ही माझी गाठ न्हाई. मी आशी गाठ मारत न्हाई."

"अम्मा, मी दिलं डोळं."

"कवापास्नं?"

"पहिल्यापासनं. त्या बाईंनी सांगितलं म्हणून."

"समद्यास्नी?"

"समद्यास्नी."

मला वाटलं ती ओरडेल. लहानपणी अब्बा घरी नसताना एकदा मी त्यांच्या मापाच्या वहीत चित्रं काढली होती, तेव्हा तिनं मला फोडून काढलं होतं. आज ती वाकळेवर हात ठेवून बसून राहिली. ऊन सरकून तिच्या पायांवरून गेलं तरी हलली नाही. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मी म्हणत हुते, माझी नजर आशी जाती तरी कुठं. त्यास्नी डोळं कुठनं मिळालं, त्ये आत्ता कळलं."

मी तिला समजावायला बसले. हा आजार आहे, खूप जणांना होतो, डोळ्यातला दाब वाढतो, पाखरांचा काही संबंध नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. ती शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाली, "डाक्टरला पाखरं दावली हुतीस का तू?"

दुसऱ्या दिवशी मी आमच्या मशिदीतल्या मौलानांना विचारून आले. वयस्क, मायाळू माणूस. ते म्हणाले, अल्लाह असा हिशेब करत नाही, तुमच्या आईला सांगा, त्यांची नियत साफ होती. मी येऊन जसंच्या तसं सांगितलं. अम्मानं मान हलवली. "त्येंचं बरुबर हाय. माझी साफ हुती," म्हणाली. पुढचं ती बोलली नाही, पण मी ऐकलं.

संध्याकाळी तिनं मला ती वाकळ समोर घेऊन बसवलं. "उसव." मी एकेक डोळा उसवला आणि ती मागोमाग बोट लावून बघत गेली. निघालेले दोरे तिनं हातात घेतले. शिंप्याच्या घरात उसवलेला दोरा फेकत नाहीत, कच्च्या शिलाईला कामी येतो. त्यासाठी एक पत्र्याचा बिस्किटाचा डबा वडूजहून तिच्यासोबत आला होता. तिनं ते काळे दोरे बोटांनी सरळ केले आणि डब्यात ठेवले. "आता बाकीची," म्हणाली.

"अम्मा, ती विकली गेली."

"बाईकडं असतील. जा, बघून ये. जेवढी घावतील तेवढी उसव."

मी गेले. न जाऊन चाललं नसतं, आणि खरं तर मलाही वाटत होतं की चार-पाच तरी सापडतील. पाचगणीला पोचले तेव्हा धुकं होतं आणि बाई नाश्त्याच्या गडबडीत होत्या. तरी त्यांनी मला चहा दिला, अम्माची चौकशी केली. वाकळा कुठं गेल्या म्हणून विचारलं तर त्यांनी हातानंच दाखवलं, पुण्याला, मुंबईला, काही तर परदेशी. कुणी नेल्या ते त्यांना ठाऊक नव्हतं. "एक मात्र मी विकली नाही," म्हणाल्या आणि मला जेवणघरात घेऊन गेल्या.

रोहितांची वाकळ होती. भिंतीवर, काचेच्या चौकटीत, वरून दिवा सोडलेला. पंख उचललेला रोहित मधोमध आणि त्याच्या पायाशी कुसळं. शेजारी छोट्या पाटीवर 'ग्रामीण लोककला, सातारा' असं लिहिलेलं. एक जोडपं तिच्यापुढं उभं राहून फोटो काढून घेत होतं. ते बाजूला झाल्यावर मी पुढं झाले. माझा डोळा काचेआडून माझ्याकडं बघत होता. काय सुरेख जमला होता!

मी बाईंना अम्माचं सगळं सांगितलं. नियम, मिरज, ओट्यावरची दुपार. म्हटलं, पाच मिनिटांसाठी चौकट उघडा, मी सुई आणली आहे, कापडाला काही होणार नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वाईट बाई नव्हत्या त्या. पण म्हणाल्या, "ताई, ही चौकट मुद्दाम हवाबंद करून घेतलीय, दमट हवेनं कापड खराब होऊ नये म्हणून. आणि खरं सांगू का, डोळे काढले तर यात राहिलं काय?"

मी सुई पर्समध्ये परत ठेवली. अम्मानं शिवलेलं ते सगळं त्यांच्यासमोर होतं आणि त्यांना त्यात माझ्या गाठी दिसत होत्या. त्यांना तसं बघायला मीच शिकवलं होतं.

वाईला बस बदलली. साताऱ्याच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली, आणि तिथं पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं की अम्मा दोरे मागणार. नुसतं 'उसवलं' म्हणून भागणार नाही, ती डबा पुढं करणार. रिळाचा दोरा तोडून दिला तर तिची बोटं लगेच ओळखतील. नवा दोरा सरळ असतो, आणि गाठीतून सुटलेल्या दोऱ्याला बारीक वळ पडलेले असतात. म्हणून मी पर्समधून सुई आणि काळा दोरा काढला, मांडीवर रुमाल पसरला आणि त्यावर डोळे भरायला लागले. तीन वेढे, सुई खाली, गाठ घट्ट. मग टोकानं गाठ सैल करायची, दोरा ओढून काढायचा, रुमालाच्या कोपऱ्यात बांधायचा. पुन्हा तीन वेढे. खड्डा आला की सुई बोटात जायची. साताऱ्यात गाडी बदलली, कराड गेलं, माझं चाललंच होतं.

शेजारची बाई बराच वेळ बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "आवं ताई, शिवताय बी आन् उसवताय बी. काय करताय तरी काय?"

"हात बसवते आहे," मी म्हटलं.

घरी गेल्यावर अम्मानं डबाच पुढं केला. मी तिच्या ओंजळीत दोरे ठेवले. तिनं ते बोटांत घोळवले, एकदोन वेगळे काढून नखानं वळ तपासले. 

"समदी घावली?"

"समदी. बाईंनी जपून ठिवली हुती."

"आन् रोहित?"

"त्योबी उसवला."

तिनं दोरे डब्यात ठेवले, झाकण लावलं आणि माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. "लय दमलीस माझ्यापायी," म्हणाली. त्या रात्री ती पोटभर जेवली.

इथवरचं मला पेललं असतं. खोटं बोलून आईचं मन शांत केलं, एवढ्यावर मी स्वतःला माफही केलं असतं. पण दुसऱ्या सकाळी मी थेंब घेऊन गेले तर तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. "आता कशाला औशिद? दिल्यालं परत घेतलं न्हवं आपण? आता येतील माझं मला."

मी विनवलं, रागावले, मिरजेला फोन लावून दिला. ती हसत होती. किती महिन्यांनी हसत होती! जबरदस्तीनं पापणी उघडायला गेले तर थेंब गालावरून ओघळला. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून मी तीनदा तिच्यासमोर बसले. अम्मा, मी काही उसवलं नाही, ती पाखरं जिथं आहेत तिथं डोळे उघडून बसली आहेत. वाक्य तयार होतं. सांगितलं असतं तर कदाचित तिनं थेंब घालू दिले असते. कदाचित नजर आणि मनाची शांती, दोन्ही गमावून बसली असती. मी ठरवू शकले नाही. दिवस गेले, आठवडे गेले, आणि मी ठरवू न शकल्यामुळं जे व्हायचं ते होत गेलं.

रोज उठल्यावर ती खिडकीकडं तोंड करून बसते आणि हात डोळ्यांपुढं धरते. म्हणते, "बोटं दिसाय लागल्यात बघ." हात तिचाच, तो कुठं आहे हे तिला डोळ्यांशिवायही कळतं.  फ्रिजच्या दारात थेंबांची नवी बाटली आहे, सील न फोडलेली.

आणि ती पुन्हा शिवायला बसली आहे. सुईत दोरा मी ओवून देते. परवा तिनं तुकड्यांचं गाठोडं मागितलं, त्यातून चाचपून एक तुकडा काढला आणि खिडकीशी नेऊन डोळ्यांपुढं धरला. बराच वेळ धरून ठेवला. तिचा चेहरा उजळत गेला.

"लाल हाय न्हवं ह्यो? बघ, दिसतंय मला. लाल."

माझ्या जुन्या परकराचा गडद हिरवा तुकडा होता.

"व्हय अम्मा," मी म्हटलं. "लाल."

तिनं कात्री घेतली. चोचीपासून सुरुवात केली आणि मधे एकदाही न उचलता पुन्हा चोचीशी आली. हात अजून चुकत नाही. ते हिरवं पाखरू वाकळेवर ठेवून तिनं त्याच्या डोक्यावर अंगठा दाबून धरला, जिथं डोळा असतो तिथं, आणि माझ्याकडं नाही तर माझ्या शेजारच्या भिंतीकडं बघत म्हणाली, "ह्येला मातर देऊ नगंस हां."

"न्हाई देत," मी म्हटलं, आणि तिच्या हातात एकेक काटा देत राहिले.